शनीच्या कड्यांतील चिमुकला चंद्र

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे आकाशातून धातूचे मोठे कडे कोसळले. ते पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अग्निबाणाचा अवशेष होते. त्या रात्री भ्यालेल्या मुलांना न पडणारी कडीही दाखवावयास हवीत.

शनीची कडी अखंड नाहीत. बर्फाचे असंख्य तुकडे ग्रहाभोवती फिरत असतात. त्यांत एंके नावाची सुमारे ३२५ किलोमीटर रुंद फट आहे. ती मोकळी ठेवतो ‘पॅन’ हा जेमतेम २८ किलोमीटर व्यासाचा चंद्र. त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे दोन्ही बाजूंचे कण फटीबाहेर सारले जातात. १९८१ मध्ये व्हॉयेजर-२ ने घेतलेल्या छायाचित्रांत मार्क शोवाल्टर यांना तो १९९० मध्ये सापडला; नऊ वर्षे उत्तर दप्तरातच पडून होते! मार्च २०१७ मध्ये कॅसिनी यान सुमारे २४,६०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा पॅनच्या मध्यावर कड्यांतील कण साचून झालेला, धानाच्या बांधीला असतो तसा उंच बांध दिसला.

गडचिरोलीच्या एखाद्या आश्रमशाळेच्या अंगणात लहान दुर्बीण लावली, तर कडी दिसतील. पॅन दिसणार नाही. त्यासाठी कॅसिनीचे छायाचित्र शिक्षकांनी शेजारी ठेवावे.