पन्नास फ्रँक आणि एक सही

व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ला मिझेराब्ल’ ही फ्रेंच कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावानं मराठीत आणली. मी ती प्रथम शाळकरी वयात वाचली, तेव्हा सगळं सोपं वाटलं होतं. पाव चोरला म्हणून ५ वर्षं आणि पळून जायचा प्रयत्न केला म्हणून आणखी १४, अशी १९ वर्षं तुरुंगात काढलेला ज्याँ व्हालज्याँ चांगला. त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी जावेर वाईट. पुढं मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर ती पुन्हा हातात घेतली, तेव्हा मात्र एका प्रसंगापाशी मी थांबलो. आज त्याविषयी बोलायचं आहे.

या कादंबरीत पुनःपुन्हा एक माणूस दुसऱ्याच्या पूर्ण ताब्यात सापडतो, आणि ज्याच्या हाती सत्ता आहे तो त्या क्षणी काय करतो, यावर पुढचं सगळं ठरतं. पहिला प्रसंग बिशप मिरिएल यांचा. त्यांना राहायला मोठा वाडा मिळालेला. शेजारच्या छोट्या रुग्णालयात २६ रुग्ण दाटीवाटीनं पडलेले. बिशपनी सरळ अदलाबदल केली. वाडा रुग्णांना दिला आणि स्वतः त्या लहान इमारतीत गेले. तुरुंगातून सुटलेल्या व्हालज्याँला त्यांनी आसरा दिला आणि तो रात्रीतून त्यांची चांदीची भांडी घेऊन पळाला. सकाळी शिपायांनी त्याला पकडून आणलं. बिशपच्या एका शब्दावर त्याचं आयुष्य पुन्हा तुरुंगात गेलं असतं. ते म्हणाले, भांडी मीच दिली होती, दीपदानंही दिली होती, ती का विसरलास?

आता जावेर. हा माणूस लाचखाऊ नाही, हे लक्षात घ्यायला हवं. आपण नगराध्यक्षांवर खोटा आरोप केला असं वाटताच तो स्वतः त्यांच्यापुढं जाऊन ‘मला बडतर्फ करा’ म्हणतो. पण त्याला समोरचा माणूस दिसत नाही, गुन्हा तेवढा दिसतो. फान्तीन नावाच्या गरीब बाईच्या पाठीवर एक सुखवस्तू टवाळ बर्फ कोंबतो. ती उलटून त्याच्या अंगावर धावते. टवाळ निसटतो आणि जावेर फान्तीनला ६ महिन्यांची कैद सुनावतो. तिच्या लहान मुलीचं काय होईल, हा प्रश्न त्याच्या कागदावर नाही.

पण मी थांबलो तो प्रसंग याच्याही आधीचा आहे. व्हालज्याँ नाव बदलून मादलेन झाला आहे. काळ्या मण्यांचा कारखाना काढून त्यानं गावाला काम दिलं, रुग्णालयात खाटा वाढवल्या, शाळा बांधल्या, तो नगराध्यक्ष झाला. फान्तीन याच कारखान्यात काम करत होती. तिला लग्नाशिवाय झालेली मुलगी आहे, ही गोष्ट एका चोंबड्या बाईनं खोदून काढली. बायकांच्या विभागावर देखरेख करणाऱ्या बाईनं फान्तीनला बोलावलं, नगराध्यक्षांच्या नावानं ५० फ्रँक हातावर ठेवले आणि कामावरून काढलं. मादलेनला यातलं काही ठाऊकच नव्हतं. बायकांच्या विभागात तो सहसा जातच नसे; एका विश्वासू बाईवर सोपवून तो निर्धास्त होता. आणि फान्तीन समजून बसली की, हा निर्णय त्यानंच घेतला. दाद मागायला ती त्याच्याकडं गेलीच नाही. मग सैनिकांचे सदरे शिवणं, केस विकणं, पुढचे दोन दात विकणं आणि शेवटी रस्त्यावर उभं राहणं. देवमाणूस म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याच नावानं हे घडलं.

हे वाचताना मला आमच्या शाळेतल्या एक मावशी आठवल्या. लहान मुलांच्या वर्गांवर त्या रोजंदारीनं काम करत. सारखा उशीर होतो, असा शेरा माझ्याकडं आला. शेरा लिहिणारी व्यक्ती प्रामाणिक होती. मी सही केली. वर पदरचा एक महिन्याचा पगार पाकिटात घालून पाठवला आणि आपण किती समजूतदार, असं मनाशी म्हटलं. वर्षभरानं कळलं, त्यांचे यजमान तेव्हा अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं सगळं उरकून त्या दोन बस बदलून येत होत्या. ‘तुम्ही मला का नाही सांगितलंत?’ असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सर, सही तुमचीच होती ना.’

माझं ते पाकीट म्हणजे फान्तीनचे ५० फ्रँकच होते.

मादलेनला खरी गोष्ट कळते ती पोलीस चौकीत. फान्तीन त्याच्या तोंडावर थुंकते. तो तोंड पुसतो आणि जावेरला सांगतो, हिला सोडा. जावेर अडून बसतो, तेव्हा तो कायद्यातली कलमं दाखवून आपला अधिकार वापरतो. मग फान्तीनला म्हणतो, मला हे माहीत नव्हतं, तुम्ही माझ्याकडं का आला नाहीत? माझाही प्रश्न तोच होता. पण तिनं का यावं? दार उघडं आहे, हे आतल्याला माहीत असतं. बाहेरच्याला दिसते ती पाटी.

पुढं १८३२ च्या पॅरिसमधल्या उठावात जावेर बंडखोरांच्या हाती लागतो. त्याला गोळी घालायचं काम व्हालज्याँ मागून घेतो, त्याला आडोशाला नेतो, दोर कापतो आणि गोळी हवेत झाडतो. नंतर जावेरही त्याला पकडत नाही. पण नियम मोडून दाखवलेली ही दया त्याला स्वतःलाच सोसत नाही आणि तो सेन नदीत जीव देतो. बिशपनी एका सकाळी सत्ता वापरली नाही, त्याचा परिणाम इतक्या दूरवर पोचतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती सिंहासन नसतं. हजेरीपट असतो, शिक्का असतो, घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार असतो. मावशींना मी नंतर पुन्हा कामावर घेतलं. त्या आल्या, निवृत्त होईपर्यंत नीट कामही केलं. पण माझ्या खोलीत मात्र त्या कधी बसल्या नाहीत. खुर्ची पुढं केली, तरी दाराशी उभ्या राहूनच बोलायच्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)