निरोप्याची जबाबदारी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा ज्ञातीच्या शिक्षणनिधीविषयी किंवा वसतिगृहाविषयी बोलावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर आमच्यापेक्षा अधिकारी वक्ते येथे उपस्थित आहेत. म्हणून ज्या विषयात आमचा अधिकार एवढाच की आम्ही स्वतः त्यात चुकलो आहोत, असा विषय आम्ही निवडला आहे. तो म्हणजे खोटी वार्ता आणि तिची जबाबदारी.

२०२० सालच्या टाळेबंदीतील गोष्ट आहे. आपल्याच ज्ञातीतील एका कुटुंबात सर्वांना साथीच्या रोगाची लागण झाली असून त्यांनी ती लपविली आहे, असा निरोप आमच्या भ्रमणध्वनीवर आला. आम्ही क्षणाचाही विचार न करता, 'खबरदारी घ्यावी' एवढे दोन शब्द जोडून, तो चार समूहांत पुढे धाडला. खरी हकीकत अशी की, त्या घरच्या आजीबाई पाय घसरून पडल्या होत्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते. परंतु ती हकीकत कळेपर्यंत त्या घराचे दूध बंद झाले होते, वाण्याने सामान पोचविण्यास नकार दिला होता, आणि शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली होती. टाळेबंदी शिथिल झाल्यावर आम्ही क्षमा मागण्यासाठी त्यांच्या दारी गेलो. गृहस्थ रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "काका, दुसऱ्या कोणी तो निरोप पाठविला असता, तर लोकांनी सोडून दिला असता. तो तुमच्याकडून आला, म्हणून खरा ठरला."

ते वाक्य आमच्या मनातून आजवर गेलेले नाही. आम्ही स्वतःस सामान्य वाचक समजत होतो. परंतु आमच्या लहानशा वर्तुळात आमच्या शब्दाला वजन होते, आणि तेच वजन खोट्याच्या पारड्यात पडले. ज्यांच्या शब्दाला याहून शतपटीने वजन असते, ते चुकले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आपण प्रथम आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासाकडे वळू.

१८८१ सालच्या प्रारंभी 'केसरी' व 'मराठा' ही वृत्तपत्रे निघाली. त्यानंतर जेमतेम वर्षभरात कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तेथील तरुण छत्रपतींचा छळ होत असून संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांचा त्यात हात आहे, असा मजकूर बर्व्यांच्या नावावर असलेल्या काही पत्रांच्या आधारे प्रसिद्ध झाला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी क्षमा मागितली. तथापि १८८२च्या जुलैत दोघांसही प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि सूट वजा जाता १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले.

या दोघांच्या हेतूविषयी कोणास शंका असणार? छत्रपतींविषयीची त्यांची चिंताही अगदी निराधार नव्हती. ते छत्रपती पुढच्याच वर्षी, १८८३ साली, अहमदनगर येथे बंदिवासातच मृत्यू पावले. परंतु कळकळ खरी असली म्हणून बनावट कागद खरा होत नाही. 'पत्रे आम्हांस दुसऱ्याने आणून दिली' एवढ्याने त्यांची सुटका झाली नाही, आणि होऊ नये हेच न्याय्य होते. जो छापतो तो जबाबदार, हे तत्त्व त्यांनी १०१ दिवस भोगून सिद्ध केले.

आता आपल्या काळातील एक परदेशी उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मतदानयंत्रे पुरविणाऱ्या डोमिनियन या कंपनीने मते फिरविली, असा आरोप फॉक्स न्यूज या बलाढ्य वाहिनीवरून वारंवार प्रसारित झाला. कंपनीने दावा लावला. त्यात वाहिनीतील मंडळींचे खासगी निरोप उघड झाले, तेव्हा असे दिसले की, पडद्यावर ज्या आरोपांना जागा दिली जात होती, त्यांचीच तिचे नामांकित निवेदक आपसांत टवाळी करीत होते. एप्रिल २०२३मध्ये वाहिनीने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देण्याचे मान्य करून दावा मिटविला. मात्र प्रेक्षकांसमोर क्षमा मागण्याची अट त्या तडजोडीत नव्हती.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट ही की, असत्य ठाऊक असूनही ही मंडळी गप्प का बसली? त्याच कागदपत्रांतून त्याचे उत्तर मिळते. आवडता उमेदवार हरल्याचे ऐकून प्रेक्षक रुसतील आणि दुसऱ्या वाहिनीकडे जातील, ही त्यांस धास्ती होती. म्हणजे येथे बलवान दुर्बलास भ्याला! आपण जे ऐकण्यास आतुर असतो, तेच विकणारा दुकानदार कोठून तरी उभा राहतो. यावरून दोघांचा दोष सारखाच, असे मात्र आमचे म्हणणे नाही. प्रेक्षकाला सत्य ठाऊक नव्हते. निवेदकाला ते ठाऊक होते. जाणून केलेल्या पापाचे ओझे अधिकच असते. परंतु गिऱ्हाईक सर्वस्वी निर्दोष, असेही म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, 'आमच्या एका निरोपाने असे काय बिघडते?' त्यांनी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवावा. १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातील त्या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. त्यांतील बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत हातोहाती पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. या हत्येमागे कोणी मोठा संपादक नव्हता, की कोणी नामांकित निवेदक नव्हता. होती ती आपल्यासारखीच माणसे, आणि मुलांच्या काळजीने पुढे धाडलेला निरोप. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा भारतात घालण्याचे जाहीर केले. यंत्राने मर्यादा घातली. विवेक मात्र यंत्रास घालता येत नाही.

राईनपाड्याची अफवा प्रथम कोणी उठविली, हे शोधणे कठीण; ती पुढे नेणारे हात मात्र अगणित होते. छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असलेच पाहिजे, अशी शिस्त १८६७च्या कायद्याने लावली होती. आपली ही स्मरणिकाही त्या नावांशिवाय निघत नाही. परंतु हातातल्या यंत्रावरून येणाऱ्या निरोपाखाली नाव नसते. नाव नाही म्हणून दायित्व नाही, असे आपण समजतो, आणि तेथेच घात होतो.

बंधुभगिनींनो, जबाबदारी ही वडिलोपार्जित जमिनीसारखी नव्हे, की वाटण्या झाल्या म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा लहान व्हावा. हजार जणांनी खोटे पसरविले, तर प्रत्येकाच्या पदरी त्याचा अगदी थोडा अंश येतो, हा हिशेब चुकीचा आहे. ज्या घराचे दूध बंद झाले, त्या घराला आमच्या 'हिश्श्याचा' मुळीच उपयोग नव्हता.

म्हणून ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी मनाशी धरल्या तर आजचे संमेलन सार्थ होईल. पहिली, निरोप कोणी, कोठे व केव्हा लिहिला हे सांगता येत नसेल तर तो आपल्यापाशीच थांबवावा. दुसरी, ज्या निरोपाने आपल्या ज्ञातीचा गौरव किंवा दुसऱ्या समाजाची निंदा होते, त्याची परीक्षा दुप्पट करावी. कारण आवडीचे खोटे सर्वांत सहज गिळले जाते. तिसरी, चूक झालीच तर जितक्या ठिकाणी खोटे गेले, तितक्याच ठिकाणी आपल्या नावानिशी दुरुस्ती पाठवावी.

ही तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आम्ही त्या गृहस्थांची क्षमा त्यांच्या दारात, कोणी ऐकत नसताना मागितली. निंदा मात्र चार समूहांत केली होती. तो हिशेब अपुराच राहिला होता. आज आपणा सर्वांसमक्ष आम्ही ती क्षमा पुन्हा मागतो, आणि हे भाषण स्मरणिकेत छापावे अशी चालकांना विनंती करतो. त्याखाली आमचे नाव अवश्य असावे.