जुन्या मिनीचे बॉल जॉइंट

1959 साली इंग्लंडमध्ये आलेली मिनी ही मोटार आजही कित्येक जण जिवापाड जपतात. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक बॉल जॉइंट असतो. तो झिजला, की स्टिअरिंग ढिलं पडतं.

गाडी जॅकने उचला, स्टँडवर टेकवा. चाक वरून-खालून धरून हलवा. खटखट जाणवली, तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. तरीही चाक हललं, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा नव्हे, जॉइंटचा.

नवा जॉइंट बसवताना शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, नीट निवडा. जॉइंटची पिन सहज फिरावी, पण डगडगू नये. मग ग्रीस भरा. जॉइंट निखळला, तर चालत्या गाडीचं चाक कोलमडतं. म्हणून हे काम उद्यावर ढकलू नका.