तळ्याकाठचा मुक्काम

श्रोतेहो, ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली तरुण मंडळी सह्याद्री पालथा घालून आता हिमालयातल्या तळ्यांकाठी तंबू ठोकू लागली आहेत. कौतुकच आहे, पण तिथली पथ्यं निराळी.

चार हजार मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळतं. डाळ शिजता शिजत नाही. सातूचं पीठ, पोहे न्यावेत. डोकं ठणकू लागलं, तर आणखी चढू नये. तोल जाऊ लागला, तर लगेच खाली उतरावं.

तंबू पाण्यापासून शंभरेक पावलं लांब असावा. थंडीत घाण लवकर कुजत नाही आणि तेच पाणी खालची गावं पितात. रूपकुंडाच्या वाटेवरची बेदिनीसारखी कुरणं पाहुण्यांनीच तुडवली. अखेर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाला तिथल्या रात्रीच्या मुक्कामावर बंदी घालावी लागली. आपण नीट वागलो, तरच पुढच्यांना वाट मोकळी राहील.