विनाशिका : ताफ्याची राखणदार
(नौदल दिनानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



आज 4 डिसेंबर, नौदल दिन. या निमित्तानं युद्धनौकांच्या एका जातीविषयी बोलावं असं मनात आहे. ही जात म्हणजे विनाशिका, अर्थात डिस्ट्रॉयर. नाव ऐकलं की वाटतं, समोर येईल त्याचा संहार करायलाच ही नौका बांधली असणार. इतिहास मात्र निराळं सांगतो. ही नौका जन्माला आली ती दुसऱ्या जहाजांच्या राखणीसाठी. समुद्रावर जेव्हा जेव्हा नवा धोका उभा राहिला, तेव्हा त्याच्या तोंडाशी आधी हिलाच पाठवलं गेलं.

ही कथा सुरू होते 1866 साली, एड्रियाटिक समुद्राकाठच्या फ्यूम या बंदरात. आज हे बंदर क्रोएशियात आहे आणि त्याचं नाव रिएका. तिथं रॉबर्ट व्हाइटहेड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं पाण्याखालून स्वतःच्या बळावर धावणारा टॉर्पेडो तयार केला. तोवर मोठ्या चिलखती युद्धनौकेला भीती होती ती तिच्याच तोडीच्या दुसऱ्या युद्धनौकेची. आता एखादी लहानशी वेगवान बोट, मोजके खलाशी घेऊन, अंधारात जवळ येऊ शकत होती आणि चिलखत जिथं संपतं तिथं, पाण्याखाली घाव घालू शकत होती. 1891 च्या एप्रिलमध्ये चिलीच्या यादवी युद्धात काल्देरा उपसागरात नांगर टाकून उभी असलेली ‘ब्लांको एन्कालादा’ ही चिलखती नौका अशाच हल्ल्यात टॉर्पेडोनं बुडाली. जगभरच्या नौदलांची झोप उडाली.

टॉर्पेडो बोटींना गाठून बुडवणारी नौका हवी, हा विचार तोवर सुरू झालाच होता. स्पेनच्या फर्नांदो व्हिय्यामिल या नौदल अधिकाऱ्यानं ‘देस्त्रुक्तोर’ नावाची नौका आखली आणि 1886 साली स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या गोदीत तिचं जलावतरण झालं. ब्रिटिश नौदलात जॉन फिशर यांनी हा प्रश्न हाती घेतला. यारो आणि थॉर्नीक्रॉफ्ट या जहाजबांधणी कंपन्यांकडे 1892 मध्ये मागणी गेली. त्यांपैकी यारोची ‘हॅवॉक’ 1893 साली पाण्यात उतरली. लांबी सुमारे 55 मीटर, वजन सुमारे 240 टन, वेग 26 नॉट. या वर्गाला नाव मिळालं ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’. पुढे बोलण्यात पहिले दोन शब्द गळाले आणि ‘डिस्ट्रॉयर’ तेवढं उरलं. काय नष्ट करायचं, हे त्या गळालेल्या शब्दांत होतं.

या नौकांवर टॉर्पेडोही बसवलेले असत, त्यामुळे राखणदार हल्लाही करू शकत होता. 1904 च्या 8 फेब्रुवारीच्या रात्री जपानी विनाशिकांनी पोर्ट आर्थर बंदराबाहेर उभ्या असलेल्या रशियन ताफ्यावर टॉर्पेडो सोडले आणि ‘त्सेसारेविच’, ‘रेत्विझान’ आणि ‘पल्लादा’ या तीन मोठ्या नौका जायबंदी केल्या. वेग साधायचा तर वजन कमी हवं, म्हणून विनाशिकेला जाड चिलखत कधीच मिळालं नाही. अमेरिकी खलाशी तर तिला पत्र्याचा डबाच म्हणत. दुसऱ्याच्या रक्षणाला जाणाऱ्या या नौकेच्या अंगावर स्वतःचं रक्षण करणारं कवच नव्हतं, हे लक्षात ठेवा.

पहिल्या महायुद्धात धोक्यानं रूप बदललं. फेब्रुवारी 1917 मध्ये जर्मनीनं पाणबुड्यांना व्यापारी जहाजं बेधडक बुडवण्याची मोकळीक दिली. त्या एप्रिल महिन्यात साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजं समुद्राच्या तळाशी गेली. इंग्लंडचं धान्य, तेल, कच्चा माल सारं जहाजांतूनच येणार. हा वेग टिकला असता तर काही महिन्यांत तो देश गुडघ्यावर आला असता. उपाय जुनाच होता. व्यापारी जहाजांचा तांडा करायचा आणि त्याच्या भोवती लढाऊ नौका ठेवायच्या. 4 मे 1917 रोजी सहा अमेरिकी विनाशिका आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात दाखल झाल्या आणि त्याच महिन्यात जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक तांडा निघाला. पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रं आणि पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे डेप्थ चार्ज घेऊन विनाशिका पाणबुड्यांच्या मागावर राहू लागल्या. तांड्यातली बहुतेक जहाजं सुखरूप पोहोचू लागली.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. त्या व्यापारी जहाजांच्या इंजिनघरांत, भट्ट्यांपुढे आणि डेकवर हजारो भारतीय खलाशी राबत होते. मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात प्राण गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. तांड्याला राखण मिळाली की नाही, यावर अशा माणसांचं घरी परतणं ठरत होतं.

या जातीच्या नौकेनं काय करून दाखवलं, याचं एकच उदाहरण द्यायचं झालं तर मी दुसऱ्या महायुद्धातलं, 25 ऑक्टोबर 1944 चं देईन. जागा होती फिलिपिन्समधल्या सामार बेटाजवळची. सहा लहान विमानवाहू नौका, तीन विनाशिका आणि चार त्याहून छोट्या रक्षक नौका, एवढाच अमेरिकी ताफा. सकाळी क्षितिजावर जपानी आरमार दिसलं. त्यात बॅटलशिप जातीच्या चार युद्धनौका होत्या आणि त्यांतली ‘यामातो’ जगातली सर्वांत मोठी. विमानवाहू नौका संथ, पळून सुटणं अशक्य. तेव्हा ‘जॉन्स्टन’ या 2,100 टनांच्या विनाशिकेचे कप्तान अर्नेस्ट इव्हान्स यांनी हुकमाची वाट न पाहता नौका थेट शत्रूकडे वळवली. धुराचा पडदा सोडत ते पुढे गेले, दहाही टॉर्पेडो सोडले, आणि ‘कुमानो’ या जड क्रूझरचं नाक उडालं. नंतर ‘जॉन्स्टन’वर मोठ्या तोफांचे गोळे कोसळले, इव्हान्स जखमी झाले, निम्मं इंजिनबळ गेलं. तरी ती नौका फिरून पुन्हा लढाईत शिरली. ‘होएल’ आणि ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ याही अशाच भिडल्या. तिन्ही बुडाल्या. ‘जॉन्स्टन’वरच्या 327 पैकी 186 जण परतले नाहीत, कप्तानही नाहीत. विमानांच्या आणि या छोट्या नौकांच्या माऱ्यानं विस्कटलेलं ते बलाढ्य आरमार अखेर माघारी वळलं, आणि सहापैकी पाच विमानवाहू नौका त्या तोफांच्या तडाख्यातून वाचल्या. 2,100 टनांच्या नौकेकडून याहून अधिक कोण काय मागणार?

युद्ध संपलं आणि विनाशिकेपुढे पुन्हा एका लहान बोटीचं संकट उभं राहिलं. 21 ऑक्टोबर 1967 रोजी पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या क्षेपणास्त्र बोटींनी इस्रायलची ‘आयलात’ ही विनाशिका बुडवली. चार वर्षांनी, 4 डिसेंबर 1971 च्या रात्री, ‘ऑपरेशन ट्रायडंट’मध्ये आपल्या ‘निर्घात’ या छोट्या नौकेनं कराचीजवळ दोन क्षेपणास्त्रं डागून पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. आपण आज नौदल दिन पाळतो तो त्या रात्रीच्या पराक्रमासाठी. ‘खैबर’वरचे दोनशेहून अधिक खलाशी त्या रात्री गेले. तेही समुद्रावर कर्तव्य करणारेच होते, हे विजयाच्या दिवशीही विसरू नये. 1891 मध्ये टॉर्पेडोनं जे केलं, तेच आता क्षेपणास्त्रानं केलं होतं. त्या रात्रीचा धडा सगळ्या नौदलांना घ्यावा लागला, आपल्यालाही. केवळ तोफा आणि वेग यांवर आता भागणार नव्हतं. विनाशिकेला रडार, क्षेपणास्त्र पाडणारं क्षेपणास्त्र, हेलिकॉप्टर, सोनार हे सगळं एकाच वेळी अंगावर बाळगणं भाग पडलं. त्यामुळे ती मोठी होत गेली.

आपल्या नौदलाकडे पहिल्या विनाशिका 1949 साली ब्रिटनकडून आल्या. त्यांची नावं ‘राजपूत’, ‘रणजित’ आणि ‘राणा’. तिथून माझगाव डॉकपर्यंतचा प्रवास दीर्घ आहे. मुंबईच्या या गोदीत बांधलेली ‘दिल्ली’ 1997 मध्ये नौदलात दाखल झाली. मग ‘म्हैसूर’ आणि ‘मुंबई’. 2014 पासून ‘कोलकाता’, ‘कोची’ आणि ‘चेन्नई’. 2021 ते 2025 या काळात ‘विशाखापट्टणम’, ‘मोरमुगाव’, ‘इंफाळ’ आणि ‘सुरत’. गोव्याच्या बंदराचं नाव मिरवणारी ‘मोरमुगाव’ गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, 18 डिसेंबर 2022 रोजी दाखल झाली. या शेवटच्या चार नौका 163 मीटर लांब आणि सुमारे 7,400 टनांच्या, म्हणजे ‘हॅवॉक’च्या तीसपट. आराखडे आपल्याच नौदलाचे, आणि जोडकाम, वेल्डिंग, नळजोडणी केली ती आपल्याच गोदी कामगारांनी. या कामगारांचं नाव कुठल्याही शौर्यपदकावर येत नाही. म्हणून इथं त्यांचा उल्लेख आदरानं करतो.

आणि या नौका आज काय करतात? 26 जानेवारी 2024 च्या रात्री एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि आग लागली. जहाजावर 22 भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होता. मदतीची हाक आली तेव्हा आपली ‘विशाखापट्टणम’ धावून गेली आणि तिच्या अग्निशमन पथकानं त्या खलाशांच्या जोडीनं आग आटोक्यात आणली. मार्च महिन्यात ‘कोलकाता’नं चाच्यांच्या ताब्यातलं ‘रुएन’ हे जहाज सुमारे 40 तास रोखून धरलं. 17 खलाशी सुखरूप सुटले आणि 35 चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं गेलं.

श्रोतेहो, कोकणच्या गावांतून आजही तरुण मुलं व्यापारी जहाजांवर जातात. त्यांच्या घरच्यांना तांबडा समुद्र, एडनचं आखात ही नावं काळजीची म्हणून पाठ आहेत. त्या घरांना विनाशिका काय असते ते वेगळं समजावावं लागत नाही. तिच्यावर क्षेपणास्त्रं किती, तोफ केवढी, हे आपण कौतुकानं मोजतो आणि मोजावंही. पण तिची खरी किंमत तिनं बुडवलेल्या जहाजांवरून ठरत नाही. तिच्या राखणीत जी जहाजं बंदराला लागली, त्यांवरून ती ठरते. नौदलासाठी पैसा, माणसं आणि गोद्या उभ्या करताना आपण नागरिकांनी हेच माप हाती धरावं, एवढीच माझी विनंती आहे.