युरोपचे मध्ययुग आणि आपले विद्यार्थी



मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. पालक शाळेत येतात तेव्हा गणिताची चौकशी करतात, इंग्रजीची करतात. इतिहासाची कोणी करीत नाही. म्हणून आज मी इतिहासावरच बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

बरीच वर्षे मी नववीच्या वर्गात एक टीप उतरवून देत असे. इ.स. ४७६ मध्ये पश्चिमेचे रोमन साम्राज्य कोसळले, मग हजार वर्षे युरोपात अंधारयुग होते, १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, ग्रीक पंडित ग्रंथ घेऊन इटलीत गेले आणि प्रबोधन सुरू झाले. चार गुणांचे तयार उत्तर! एका वर्षी एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, या धड्यात मुसलमान नुसते लढतातच का?" मी म्हणालो, "परीक्षेत एवढेच लिही." ती मुकाट्याने बसली. मला उत्तर येत नव्हते, हे मात्र मी तिला सांगितले नाही.

उत्तर शोधताना मला स्पेनमधील टोलेडो शहर सापडले. शतकानुशतके मुस्लिम राजवटीत असलेले हे शहर १०८५ मध्ये कॅस्टिलचा राजा सहावा अल्फॉन्सो याने घेतले. राज्य बदलले, पण अरबी ग्रंथ तेथेच राहिले. पुढच्या शतकात इटलीतील क्रेमोना गावचा जेरार्ड तेथे आला. त्याला टॉलेमीचा खगोलशास्त्रावरील 'अल्माजेस्ट' हा ग्रंथ हवा होता. तो लॅटिनमध्ये मिळेना, अरबीत होता. तेव्हा हा गृहस्थ अरबी शिकला! ११७५ मध्ये भाषांतर पुरे झाले, तरी तो परत गेला नाही. सत्तरहून अधिक ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये आणले. अल् ख्वारिझ्मीचे बीजगणित त्यात आहे, इब्न सिनाचा वैद्यकावरील 'कानून' आहे. अशा कामात अरबी जाणणारे तेथील ज्यू आणि ख्रिस्ती मदत करीत. ज्या ११८७ साली सलाहुद्दीनने जेरुसलेम जिंकले, त्याच साली जेरार्ड वारला. लढाई आणि अभ्यास एकाच काळात चालले होते. माझ्या टिपेत फक्त लढाई होती.

"मुलाला डॉक्टर करायचे आहे, त्याला हे कशाला?" असे एका पालकांनी मला विचारले होते. इब्न सिनाचा तो 'कानून' युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवला जात होता, एवढे मी त्यांना सांगितले.

हे ऐकून आपली मुले खूश होतात. होऊ देत, पण मी तेथे थांबत नाही. कॉर्डोबाचा इब्न रुश्द हा ॲरिस्टॉटलचा थोर भाष्यकार. ११९५ मध्ये त्याला हद्दपार करून त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्यात आले, आणि तो हुकूम मुस्लिम खलिफाचाच होता. पुढे पॅरिसच्या विद्यापीठात त्याची भाष्ये अभ्यासली गेली, तेथेही १२७७ मध्ये बिशपने त्याच्या अनुयायांच्या मतांवर बंदी घातली. वडिलांचा मोठेपणा सांगायचा तर घरात काय जळले हेही सांगावे लागते.

अंकांची हकीकत मुलांना सर्वांत आवडते. आपल्या भारतातले अंक अरबांकडे गेले. पिसाचा फिबोनाची लहानपणी वडिलांबरोबर उत्तर आफ्रिकेतील बूजी बंदरात राहिला, तेथे ते शिकला आणि १२०२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला मनाई केली! रकमा अक्षरांत लिहा म्हणाले. शून्याचा सहा सहज करता येतो, ही भीती त्यामागे असावी. आमच्या वर्गातील दुकानदारांच्या मुलांना ते लगेच पटते.

या सर्वाला परीक्षेत जादा गुण मिळतील का? बहुधा नाही. चार गुणांचे उत्तर मी आजही करून घेतो. फक्त त्या मुलीचा प्रश्न आता मीच आधी फळ्यावर लिहितो, आणि टीप नंतर देतो.

तिच्या वडिलांची त्याच वर्षी बदली झाली, ती शाळा सोडून गेली. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार असल्याचे मला सांगण्यात आले आहे. तिच्या हाती पडले, तर तिचे उत्तर तिला थोडे उशिरा का होईना, मिळेल.