रुग्णाच्या उशाशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



यंदा आपल्या मंडळाने रुग्णालयात जाऊन रुग्णांना धीर देण्याचे काम अंगावर घेतले आहे. फळेफुले नेणे सोपे. पण धीर कसा द्यावयाचा, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हे काम आपल्याकडे नवे नाही. पुण्यास १९०९ साली सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेने तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्या काळी हे काम कमीपणाचे मानीत. त्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यात भेटीस येणाऱ्यांच्या पोकळ आश्वासनांवर आणि फुकटच्या सल्ल्यांवर एक सबंध प्रकरण आहे! ‘काही होत नाही हो, आठ दिवसांत घरी जाल,’ असे आपण म्हणतो ते पुष्कळदा आपलीच भीती झाकण्यासाठी. त्याने रुग्णाचे तोंड मात्र बंद होते आणि भीती त्याला एकट्यालाच सोसावी लागते. त्याहून वाईट म्हणजे ‘पूर्वजन्मीचे भोग’ हे शब्द. जिचे मूल गेले तिला असला हिशेब ऐकविणे म्हणजे सांत्वन नव्हे. ती शिक्षा होय.

मग करावे काय? स्टूल ओढून जवळ बसावे. विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. खेड्यातून आलेल्या बाईला मरणाचीच धास्ती असते असे नाही; घरी गाय कोण पिळील, धाकटीची वेणी कोण घालील, हाही तिला घोर असतो. तो ऐकून घ्यावा. रडू आले तर रडू द्यावे.

देवाचे नाव घ्यावे, पण तिच्या देवाचे. कोणाला विठ्ठल, कोणाला अल्ला, कोणाला मेरीमाता. कोणाला कोणीच नको असेल. ‘काही म्हणू का?’ असे आधी विचारावे. आपला पंथ तिच्या उशाशी ठेवून येऊ नये.

लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले. रोग बरा होण्याजोगा नसला तरी वेदना कमी करता येते आणि सोबत देता येते, हाच या संस्थांचा धडा आहे.

औषधोपचाराविषयी मत देऊ नका. ऐकलेले बाहेर बोलू नका. आणि एक शेवटचे. निघताना आपण बायका सवयीने ‘येते हं’ म्हणतो. घरी त्या शब्दाचा अर्थ ‘जाते’ एवढाच. खाटेवरची बाई मात्र तो खरा धरून दाराकडे डोळे लावून बसते. तेव्हा भगिनींनो, पुन्हा जाणार असाल तरच ‘येते’ म्हणा. आणि म्हटले की जा.